सात वाजताचा क्लास आणि तंजावरचा भात

‘रविवारी दोन तास द्या, आठवड्याची चिंता मिटली.’ मुलांच्या नाचाच्या क्लासपायी रात्रीच्या जेवणाचे तीन तेरा वाजतात, अशी कुणा आईनं तक्रार केली की हे वाक्य हमखास तिच्या अंगावर येतं. पाठोपाठ यादी. भाज्या चिरून डब्यांत भरा, कणीक मळून ठेवा, वाटणं गोठवून ठेवा, कडधान्यं पाळीपाळीनं भिजत घाला; बाहेरून मागवणं थांबलं की पैसेही वाचतील. सांगणारी माणसं भल्या मनाची असतात, त्याबद्दल वाद नाही. दुसरी तऱ्हा जरा उद्धट: ‘झेपत नसेल तर क्लास बंद करा. आमच्या वेळी नव्हते असले लाड.’ एक म्हणतो नियोजन करा, दुसरा म्हणतो नाद सोडा.

मला हे दोघे एकाच माळेचे मणी वाटतात. मुलीचा नाच म्हणजे संस्कृती, आणि त्या नाचाच्या वेळापत्रकापायी हुकलेलं तिचं जेवण म्हणजे तिच्या आईची खासगी अडचण, हे दोघेही धरून चालतात. अडचण खासगी ठरली की उपायही खासगीच उरतो. तिनं पहाटे लवकर उठावं, नाहीतर पाकीट उघडावं, नाहीतर पोरीचा क्लास सोडवावा. क्लास सात ते साडेआठ का असतो, हे कुणी विचारत नाही. नऊ-दहा वर्षांचं पोर दुपारी साडेबारा-एकला जेवून रात्री नऊपर्यंत कशाच्या जोरावर अरमंडीत, म्हणजे नाचातल्या अर्ध्या बैठकीत, बसतं, हेही कुणी विचारत नाही. या लेखाचं भांडण त्या न विचारण्याशी आहे, आणि भांडायला मी तिरुवैयारुला जाणार आहे.

तिरुवैयारुच का, याचं उत्तर आपल्या क्लासांच्या भिंतींवर आहे. डोंबिवलीपासून कोल्हापूरपर्यंत भरतनाट्यमच्या कुठल्याही वर्गात शिरा. नटराज असतो, समई असते, आणि कुठे ना कुठे तंजावरच्या परंपरेचा उल्लेख असतो. अरंगेत्रमच्या, म्हणजे मुलीच्या पहिल्या जाहीर नृत्याच्या, पत्रिकेत तर तो असतोच. मग तंजावरलाच विचारू या, की बाबांनो, तुमच्याकडे शिकणाऱ्यांच्या पोटाचं काय होतं? तिरुवैयारु तंजावरहून तेराएक किलोमीटरवर, कावेरीच्या काठी. कर्नाटक संगीतातले संत-रचनाकार त्यागराज यांची समाधी तिथे आहे, आणि मराठ्यांच्या राज्याचा ठसाही त्या गावावर आहे. परंपरेचा दाखला द्यायचा तर पुरता द्यावा. भाताचं पान फाडून उरलेली पोथी मिरवू नये.

सुरुवात मराठ्यांच्याही आधीपासून करावी लागते. १०१०च्या सुमारास पुऱ्या झालेल्या बृहदीश्वराच्या देवळावर राजराज चोळाचे लेख कोरलेले आहेत. ठिकठिकाणच्या देवळांतून त्यानं चारशे नर्तकी आणून तंजावरात वसवल्या. लेखात एकेकीचं नाव आहे, ती कुठल्या देवळातून आली ते आहे, कुठल्या आळीत कितवं घर तिला मिळालं ते आहे, आणि तिचा वाटा आहे: वर्षाला शंभर कलम भात. कलम म्हणजे धान्य मोजायचं तिकडचं माप. या यादीत तिरुवैयारुच्या देवळातून आलेल्याही आहेत. त्या कशा नाचत, हात कसा धरत, याबद्दल दगड गप्प आहे. त्यांना धान्य किती मिळायचं हे मात्र त्यानं हजार वर्षं जपून ठेवलंय. ज्या कारभाऱ्यानं हा हिशेब लावला त्याला काय महत्त्वाचं आहे ते कळत होतं.

आता मराठे. १७९९च्या तहानं तंजावरचं राज्य ईस्ट इंडिया कंपनीच्या हाती गेलं आणि दुसऱ्या सरफोजीराजांकडे किल्ला, तैनात आणि मानमरातब एवढंच उरलं. अशा अवस्थेत, १८०१ साली, हा राजा कंपनीच्या रेसिडेंटला एक पत्र लिहितो. विषय: आपल्या पूर्वजांनी रामेश्वरच्या वाटेवर बांधलेली छत्रं, म्हणजे वाटसरूंच्या मुक्कामा-जेवणाच्या धर्मशाळा. ती चालू राहावीत म्हणून तिथे काय काय चालतं ते तो तपशिलानं सांगतो. येणाऱ्या प्रत्येक वाटसरूला शिजवलेला भात. ज्याला परक्या हातचं चालत नाही त्याला कोरडा शिधा. हे वाटप मध्यरात्रीपर्यंत चालतं. मग घंटा वाजवून पुकारा होतो, की अजून कुणी जेवायचं राहिलं असेल तर त्यानं यावं. आजाऱ्याला वैद्य, बाळंतिणीची काळजी, तान्ह्या पोरांना दूध.

आणि याच पत्रात आपल्या वादाच्या कामाची गोष्ट येते. वाटसरूंची जी मुलं पोरकी होत ती छत्रातल्या पंतोजीच्या हवाली केली जात. त्यांना दिवसातून तीनदा जेवण, चार दिवसांनी एकदा तेल लावून न्हाऊ घालणं, कपडे, औषध. आणि ज्या विद्येत त्यांचं मन लागेल ती शिकवायची. जेवण, तेल, कपडे, औषध आणि विद्या, सगळं एकाच दमात येतं, एकाच माणसाची जबाबदारी म्हणून. शिकवणं हे पंतोजीचं काम आणि भरवणं हे दुसऱ्या कुणाचं तरी, अशी वाटणी त्या पत्र लिहिणाऱ्याच्या डोक्यातच आलेली दिसत नाही.

बरं, हा राजा कलेला पारखा होता असंही नाही. चिन्नय्या, पोन्नय्या, शिवानंदम आणि वडिवेलू या चार भावांनी भरतनाट्यमच्या कार्यक्रमाला जो क्रम लावून दिला, अलारिप्पूपासून तिल्लानापर्यंत, तो याच मराठी दरबाराच्या आश्रयानं. आज आपल्या मुली जो ‘मार्गम’ शिकतात तो हाच. नृत्यासाठी केलेल्या मराठी रचना सरफोजींच्या नावावर आहेत, आणि त्यांच्या सरस्वती महाल ग्रंथालयात पाकशास्त्राची मराठी पोथीही आहे. म्हणजे मार्गम ज्या दरबारातून आला, छत्रातला तीन वेळचा भातही त्याच दरबाराच्या हिशेबातला होता. आपण मार्गम तेवढा उचलला.

इथे समोरचा हसतो आणि म्हणतो, अहो, त्या छत्रांची नि देवळांची भलामण करताय, पण तिथे कुणाला कुठे बसून जेवायला मिळायचं ते सांगा की. सांगते. छत्रांच्या पंगती जातीनं वाटलेल्या होत्या. छत्राच्या उत्पन्नातून तिरुवैयारुला १८८१ साली जी पाठशाळा उभी राहिली ती संस्कृतची होती, आणि संस्कृत शिकायला तिथे कोण येई हे उघड आहे. १९२०च्या दशकात जस्टिस पक्षाचे ए. टी. पन्नीरसेल्वम तंजावर जिल्हा बोर्डाचे अध्यक्ष झाले, तेव्हा त्यांच्या खटपटीनं तिथे तमिळचं शिक्षण आलं. आणि राजराजाच्या लेखातल्या त्या शंभर कलम भाताची किंमत काय होती, हेही ठाऊक आहे. देवाला वाहिलेल्या बाईला घर आणि धान्य होतं, पण बाहेर पडायची वाट नव्हती. १९४७ साली मद्रास प्रांतानं देवदासी वाहण्याची प्रथा कायद्यानं बंद केली ते योग्यच झालं.

पण मग त्या प्रथेतून आपण काय टाकलं नि काय ठेवलं याचा हिशेब कुणीतरी मांडा. ज्या घराण्यांतल्या बायकांनी हा नाच जपला त्यांना बाजूला सारलं आणि नाच ठेवला. धान्याची तरतूद टाकली. शिकणाऱ्याच्या पोटाची जबाबदारी गुरूच्या, संस्थेच्या, गावाच्या अंगावरून अलगद उतरवली आणि आईच्या ओट्यावर नेऊन ठेवली. प्रथा मोडली म्हणून जबाबदारीही संपली, हे कुठल्या कायद्यात लिहिलंय? पंगत सगळ्यांना खुली करा, असं पन्नीरसेल्वमांसारखी माणसं भांडून सांगत होती. पंगतच उठवा, असं कुणी म्हटलं नव्हतं.

दुसरा प्रतिपक्ष अधिक चिवट आहे, कारण तो हळवा आहे. कला तपश्चर्या मागते, भूक मारून साधना होते, आणि त्याला दाखला म्हणून खुद्द त्यागराज उभे केले जातात. सरफोजींनी बोलावणं धाडलं, भेटवस्तू पाठवल्या, आणि त्या गवयानं त्या नाकारल्या, ही आख्यायिका तिरुवैयारुत कुणीही सांगेल. खरी असो वा रचलेली, तिच्यावरून त्यागराज उपाशी राहून गायले असा अर्थ काढणारा माणूस गोष्ट अर्धीच ऐकतो. त्यागराज (१७६७–१८४७) उंछवृत्तीनं राहत. सकाळी भजन करत गावातून फिरायचं, दारादारातून मूठ मूठ तांदूळ पदरात पडायचा, त्यावर घर आणि शिष्य जेवायचे. आजही त्यांच्या पुण्यतिथीला, आराधनेच्या दिवशी, त्यांच्या घरापासून समाधीपर्यंत उंछवृत्तीची दिंडी निघते. म्हणजे त्यांनी राजाचं दान परत केलं, गावाचा तांदूळ नाही. त्यांच्या गाण्यामागे सबंध गावाची शिधापेटी उभी होती. ती काढून घ्या आणि मग तपश्चर्येवर व्याख्यान द्या.

त्याच समाधीची आणखी एक गोष्ट इथे नोंदवायला हवी. आज जिथे पुष्य वद्य पंचमीला शेकडो गायक एका सुरात पंचरत्न कृती गातात, ते समाधीमंदिर बंगळूर नागरत्नम्मा या देवदासी कुळातल्या गायिकेनं स्वतःच्या पैशानं बांधलं. १९२१ साली पाया घातला, १९२६ साली प्रतिष्ठापना झाली. आणि तिथल्या उत्सवात बायकांना गायला मज्जाव! बाईनं वेगळा बायकांचा गट काढला, वर्षानुवर्षं झगडली, तेव्हा १९४०च्या आसपास पुरुषांचे नि बायकांचे गट एक झाले आणि वाट मोकळी झाली. जिच्या पैशावर आणि श्रमावर जागा उभी आहे तिला त्या जागेच्या कारभारात विचारायचं नाही, ही रीत कावेरीच्या त्या वाळवंटात तरी मोडली. क्लासच्या बाबतीत ती अजून मोडायची आहे. फी आया भरतात, ने-आण आया करतात, कार्यक्रमाच्या दिवशी अंबाडे आया बांधतात, आणि वेळापत्रक ठरवताना एका आईलाही विचारत नाहीत.

आता पैशांकडे येऊ, कारण ‘स्वस्तात कसं भागवायचं’ हा प्रश्न सगळे विचारतात आणि माझ्या मते तोच सगळ्यात सोपा आहे. स्वस्त जेवण ही आपल्याकडे सुटलेली गोष्ट आहे. एका संध्याकाळी चौघांसाठी पार्सल मागवलं तर तेवढ्या पैशांत घरी आठवड्याचा डाळ-तांदूळ येतो. हे कळायला तज्ज्ञ लागत नाही. आणि जे अन्न डब्यात टिकतं, गार खाता येतं, नाच करायच्या आधी पोटाला जड होत नाही, ते तर कावेरीच्या खोऱ्यानं केव्हाच सिद्ध करून ठेवलंय.

तिथला प्रवासाचा दहीभात घ्या. तांदूळ रोजच्यापेक्षा जास्त पाण्यात मऊ शिजवायचा, गरम आहे तोवरच पळीनं घोटायचा. मग त्यात दही नाही, दूध ओतायचं, भरपूर, आणि विरजणाएवढं, चमचाभरच दही. मोहरी, उडदाची डाळ, हिरवी मिरची, कढीपत्ता, हिंग यांची फोडणी, वर किसलेलं आलं. सकाळी डबा भरताना तो दूधभात दिसतो. दुपार कलेपर्यंत डब्यातच दही लागलेलं असतं आणि संध्याकाळी भात आंबट झालेला नसतो. आपण सकाळीच वाटीभर दही कालवतो आणि पाच वाजता पोर तोंड वाकडं करते, त्याचं कारण इतकंच. पुळियोदरैची तऱ्हा निराळी: चिंचेचा कोळ तिळाच्या तेलात मेथी, हिंग, सुक्या मिरच्या, हरभऱ्याची डाळ आणि शेंगदाण्यांबरोबर तेल सुटेस्तोवर आटवायचा. बरणीत भरला की फ्रिजशिवाय आठवडेच्या आठवडे राहतो. परातीत पसरून गार केलेल्या भातावर दोन चमचे टाकून हलक्या हातानं कालवला की जेवण झालं. तंजावरच्या मराठी घरांत डांगर पचडी करतात, भाजलेल्या उडदाचं पीठ दह्यात कालवून वर फोडणी. आपल्या आजीच्या डांगराची ती सख्खी बहीण, आणि चूलसुद्धा फोडणीपुरतीच लागते. 

तेव्हा पाककृती आहेत, जिन्नस स्वस्त आहेत, आणि महाराष्ट्रातल्या बायकांना खिचडी, दहीपोहे, भाजणीचं थालीपीठ, गूळ-शेंगदाण्याचे लाडू कुणी नव्यानं शिकवायला नकोत. महाग काय आहे तर तास. संध्याकाळी सहा ते नऊ हे तीन तास. त्यात ऑफिसमधून येणं, पोरीला शाळेच्या गणवेशातून साडीत घालणं, रिक्षा, क्लासबाहेर ताटकळणं, परत येणं, आणि मग कुकर. ‘रविवारी दोन तास द्या’ म्हणणारा काय सांगतो ते नीट ऐका. तो म्हणतो, या तीन तासांची भरपाई तुझ्या सुटीतून कर. पैसे वाचवायचा हा सल्ला नाही, बिल बाईच्या नावावर फाडायचा आहे. आणि तिचा रविवार फुकट धरलेला असल्यामुळे हिशेबात सगळं कसं स्वस्त दिसतं!

हे चित्र जवळून पाहायचं असेल तर कुठल्याही क्लासच्या जिन्यात सातच्या जरा आधी जाऊन उभं राहा. तिसऱ्या पायरीवर एक मुलगी घुंगरू बांधून बसलेली असते, मांडीवर डबा. एका हातानं पोळीची गुंडाळी खात असते, मागून आई तिच्या केसांना पिना लावत असते. आतून तट्टुकळीचा, म्हणजे तालाच्या लाकडी ठोकळ्याचा, टक्-टक् आवाज येतो, आधीची तुकडी तट्टाडवूची पावलं टाकत असते. ‘लवकर चाव’, आई म्हणते. पोरगी तीन घासांत गुंडाळी संपवते, पाणी पिते, आणि पाचव्या मिनिटाला अर्ध्या बैठकीत गुडघे बाहेर काढून पाय आपटत असते. पोट भरलेलं असताना उड्या मारू नयेत, हे शिकवताना बाईच सांगतात. खायला वेळ कधी द्यायचा ते मात्र कुणाच्याच तासात बसत नाही. ज्या मुलीची आई नोकरीवरून साडेसातला सुटते तिला ही गुंडाळीही मिळत नाही. तिच्या हातात बिस्किटाचा पुडा असतो, नाहीतर कोपऱ्यावरचा वडापाव. मग शेरा येतो: आजकालच्या मुलांना बाहेरचंच आवडतं.

यावर उपाय नवा नाही, आपलाच जुना आहे. पुण्यात आणि इतर गावांत शिकायला आलेले गरीब विद्यार्थी वार लावून जेवत. सोमवारी एका घरी, मंगळवारी दुसऱ्या, असे सात वार सात घरी. कितीतरी पदव्या त्या वारांवर शिजल्या. त्यात मिंधेपण होतं, घरच्या बाईचा मूड सांभाळावा लागे, कुठल्या घरी शिळं वाढत. ते सगळं कबूल. पण मिंधेपण कशामुळे येई? एक घर देणारं आणि एक पोर घेणारं, म्हणून. सगळीच घरं देणारी आणि सगळीच घेणारी झाली तर? क्लास आठवड्यातून तीन दिवस असतो. सहा घरांनी वार वाटून घेतले तर एका घरावर पाळी येते पंधरवड्यातून एकदा. सहा मुलांच्या मूगडाळीच्या खिचडीला तीन वाट्या तांदूळ आणि दीड वाटी डाळ लागते. पाच लिटरच्या कुकरात ती एका खेपेला होते, आणि गॅस दोघांच्या खिचडीहून फारसा जास्त जळत नाही. पंधरवड्यातल्या उरलेल्या पाच संध्याकाळी त्या घराच्या मोकळ्या.

‘पण मुलांच्या आवडी वेगवेगळ्या, कुणाला शेंगदाणा चालत नाही.’ शेंगदाण्याचं विचारून लिहून ठेवता येतं. ते खरंच महत्त्वाचं आहे आणि म्हणूनच ते आडोसा म्हणून वापरू नये. मला दिसतं ते असं, की वार लावायचं म्हटलं की बैठकीत एक शांतता पसरते, आणि मग कुणीतरी म्हणतं, ‘आमच्याकडे जरा वेगळं असतं हो.’ वेगळं काय असतं ते सांगितलं जात नाही. सांगायची गरजही नसते. शिजवलेलं नको, कोरडा शिधा द्या म्हणणारा तो वाटसरू अजून वाटेवरच आहे. फरक एवढाच, की सरफोजींचं छत्र त्याला शिधा देऊन बाकीच्यांना जेवू घालत होतं. आपण त्याच्या एकट्याच्या सोयीसाठी सगळ्यांची पंगत रद्द करतो.

क्लास चालवणाऱ्या बाईंची बाजूही आहे, आणि ती मी हसण्यावारी नेणार नाही. भाडं परवडत नाही, शाळा सुटल्याशिवाय मुली येत नाहीत, मोठ्यांची तुकडी संध्याकाळीच जमते; त्यात जेवणाची उस्तवार कुठून करणार? शिष्यांना पोसणं सोपं नसतं, याचा दाखला आपल्याच इतिहासात आहे. विष्णु दिगंबर पलुस्करांनी १९०१ साली लाहोरला गांधर्व महाविद्यालय काढलं, पुढे मुंबईला आणलं, कितीतरी शिष्यांच्या राहण्या-जेवणाचा भार संस्थेवर घेतला, आणि अखेर कर्जापायी मुंबईची इमारत हातची गेली. कुणाही नृत्यशिक्षिकेनं या वाटेनं जावं असं मी म्हणत नाही. मी मागते आहे ते त्याहून पुष्कळ लहान आहे. लहानांची तुकडी पाच-सव्वापाचला आणि मोठ्यांची नंतर, हा क्रम लावा. अनेक ठिकाणी तो निव्वळ सवयीनं उलटा असतो. जिथे तो बदलणं शक्य नाही तिथे दोन तुकड्यांच्या मधे वीस मिनिटं आणि एक सतरंजी द्या. वार आम्ही लावू. आणि कार्यक्रमाच्या आठवड्यात तालीम रात्री दहापर्यंत लांबणार असेल तर आधी सांगा, आयत्या वेळी नको. यातल्या एकाही गोष्टीला पैसे पडत नाहीत.

‘शिकवणं हे आमचं काम, खाऊ घालणं नव्हे’ हे वाक्य मात्र मी मान्य करणार नाही, कारण ते याआधी मोठमोठ्या लोकांनी म्हणून पाहिलं आहे आणि ते हरले आहेत. १९८२ साली एम. जी. रामचंद्रन यांनी तमिळनाडूत शाळेतलं पौष्टिक जेवण सुरू केलं तेव्हा हीच टीका झाली, की हा लोकानुनय आहे, तिजोरी बुडेल, शाळा म्हणजे खानावळ नव्हे. १९९५ साली केंद्रानं मध्यान्ह भोजनाची योजना आणली आणि २००१च्या नोव्हेंबरमध्ये सर्वोच्च न्यायालयानं सरकारी प्राथमिक शाळांतून शिजवलेलं जेवण द्यायला लावलं. तमिळनाडू तिथेही थांबला नाही. १५ सप्टेंबर २०२२ला मदुराईत सकाळच्या न्याहारीची योजना सुरू झाली, आणि पुढच्याच वर्षी ती राज्यभरच्या सरकारी प्राथमिक शाळांत पोचली. उपमा, खिचडी, पोंगल. तिरुवैयारुच्या सरकारी प्राथमिक शाळेतलं पोर आज पाटीला हात लावायच्या आधी गरम न्याहारी खातं, आणि पोराच्या आईनं रविवारी नियोजन केलं होतं का, असं त्याला कुणी विचारत नाही. गरिबाच्या पोराच्या बाबतीत जे आता वादातीत झालंय ते फी भरणाऱ्या घरांच्या बाबतीत लाड कसं काय ठरतं, हे मला नियोजनवाल्यांनी समजावून सांगावं.

उरले ते ‘क्लास बंद करा’वाले. त्यांना एकच विचारायचं आहे. क्लास बंद होतो तो कुणाचा? ज्या घरात स्वयंपाकाला बाई लावता येते, आजी ओट्याशी उभी असते, गाडी दारात असते, त्या घरातल्या मुलीचा होत नाही. होतो तो साडेसातला सुटणाऱ्या आईच्या मुलीचा. ती तिसऱ्या वर्षी गळते, अडवू, म्हणजे नाचाचे मूळ पदन्यास, पक्के झालेले असतात तेव्हा. मग पुढच्या अरंगेत्रमला सभागृहात कोण दिसतं आणि कोण दिसत नाही, हे पाहून लोक म्हणतात की ही कला एका विशिष्ट वर्गाचीच राहिली. राहिली नाही, ठेवली. अर्ध्या मुली तर पाच ते नऊच्या मधे उपाशी ठेवूनच बाहेर काढल्या.

येत्या जूनमध्ये नव्या तुकडीचे प्रवेशअर्ज निघतील. त्यावर रक्तगट असतो, शाळेचं नाव असतं, साडीचा रंग आणि घुंगरांचा आकारही असतो. त्यात आणखी दोन ओळी छापून घ्यायला आम्ही काही जणी या वेळी अडून बसणार आहोत: मुलगी क्लासला येण्याआधी किती वाजता जेवते, आणि तिच्या घराला कुठला वार सोयीचा आहे. बाबांचा मोबाइल नंबर त्याच ओळीत घ्यावा, म्हणजे वार कुणाचा आहे ते विसरायला नको.